घरच्या घरी ओलं दगड-घासणी यंत्र: आधी पाण्याची वाट आखा, मग मोटर बसवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात. अजिंठ्याच्या बाजूला घेतलेले अकीक, गारगोट्या आणि काही झिओलाइट (काळ्या खडकाच्या पोकळ्यांत मिळणारे मऊ स्फटिक) त्यांच्याकडे आहेत. जुन्या घरघंटीची १ एचपी मोटर पडून आहे. त्यांना पेंडंटसाठी गुळगुळीत, घुमटदार दगड करायचे आहेत. अँगल ग्राइंडरला डायमंड चकती लावून वरून पाणी सोडलं तर चालेल का, नसेल तर घरी काय बांधता येईल आणि फ्लॅटमध्ये त्या गाळाचं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

अँगल ग्राइंडर नकोच. १०० मिमी चकतीचा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ५५ मीटरच्या वर जातो. त्या वेगाला पाणी चकतीवर टिकत नाही, त्याची फक्त वाफेसारखी फवारणी होते. मोटर थंड ठेवायला हा ग्राइंडर मागच्या झरोक्यांतून हवा ओढतो, त्या हवेबरोबर तो फवारा थेट वाइंडिंगवर जातो आणि यंत्र तुमच्या हातात असतं. कोरडं घासणं तर त्याहून वाईट. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. त्याची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. बाल्कनीत पंखा लावून किंवा तोंडाला रुमाल बांधून हा धोका टळत नाही.

पाणी फक्त दगड थंड ठेवायला असतं असं बरेच जण धरून चालतात. खरं तर ते धूळ उठायच्या आत पकडतं, घासलेला चुरा चकतीवरून वाहून नेतं आणि डायमंडचे कण उघडे ठेवतं. म्हणून हे यंत्र आखताना पाणी कुठून येणार, चकतीवरून उडाल्यावर कुठे पडणार, खाली कुठून जाणार आणि मोटर-बेअरिंगपर्यंत का पोचणार नाही, हे आधी कागदावर काढा. मोटर, पुली, पट्टा हे त्या मानाने सोपं काम आहे. घरगुती यंत्रं बंद पडतात ती बहुतेक पाण्यानेच.

तुमच्या कामाला आडवी फिरणारी २०० मिमी (८ इंची) चकती योग्य. उभ्या चाकांच्या यंत्रावर घुमट जास्त सहज येतो, पण त्याला तीन-चार चाकं, लांब शाफ्ट आणि मोठं झाकण लागतं. बेंच ग्राइंडरचं सिरॅमिक दगडी चाक ओलं करून वापरायची युक्तीही सोडून द्या. उभं चाक पाण्यात बुडून राहिलं की खालचा भाग पाणी पितो, चाकाचा तोल जातो आणि सुरू करताना ते फुटू शकतं.

मोटर आणि वेग

घरघंटीची मोटर चालेल, पण नेमप्लेट वाचा. १४४० आरपीएम हवेत. २८०० च्या आसपासची मोटर असेल तर पुल्यांचं गणित बदलेल. ताकद अर्धा एचपी पुरते. १ एचपीचा धोका एवढाच की दगड अडकला तरी ती थांबत नाही, म्हणून पट्टा फार ताणू नका. दगड अडकला तर पट्टा घसरला पाहिजे. मोटर उभी बसवायची असल्याने तिला बॉल बेअरिंग असलीच पाहिजेत. बुशची मोटर उभी केली की तेल गळून बुश जळतो. अंगाला झरोके असतील तर तिच्यासाठी वरून बंद, खालून उघडी अशी प्लायची पेटी करा आणि चारी बाजूंनी तीन बोटं जागा सोडा.

मोटरला ३ इंची पुली, शाफ्टला ६ इंची, दोन्ही ए-सेक्शनच्या (म्हणजे ए मापाच्या व्ही-पट्ट्याच्या). १४४० चे ७२० होतात आणि २०० मिमी चकतीच्या कडेला साधारण ७.५ मीटर सेकंदाला वेग मिळतो. हात बसल्यावर शाफ्टला ४ इंची पुली लावून १०८० करता येईल, पण सुरुवात ७२० वरच करा, कारण त्या वेगाला पाणी चकतीवर राहतं. मोटरची पुली २ इंची घेऊ नका. तेवढ्या लहान वळणावर ए-पट्टा लवकर तडकतो. दोन शाफ्टमध्ये ३०० मिमी अंतर ठेवलं तर ए-३६ पट्टा बसतो. मोटरच्या पायाला ३० मिमी लांबीच्या खाचा ठेवा, म्हणजे ताण कमीजास्त करता येईल.

शाफ्ट, बेअरिंग आणि लेथचं काम

शाफ्ट २० मिमी, ईएन-८ (एक मध्यम कडक पोलाद) चा ब्राइट बार, सुमारे ४०० मिमी लांब. त्याला दोन यूसीपी-२०४ प्लमर ब्लॉक (पायासकट मिळणारी बेअरिंग), एका उभ्या ८ मिमी लोखंडी प्लेटवर, एकमेकांपासून १५० मिमीवर. ब्लॉकचे बोल्ट एम-१०, भोकांतलं अंतर ९५ मिमी. इथे एक चूक वारंवार होते. या ब्लॉकमध्ये शाफ्टचं सेंटर पायापासून फक्त ३३.३ मिमीवर असतं आणि ६ इंची पुलीची त्रिज्या ७५ मिमी आहे. पुली शाफ्टच्या खालच्या टोकाला येणार असल्याने प्लेट तिच्या वरच संपली पाहिजे, नाहीतर पुली प्लेटवर आदळेल आणि सगळं पुन्हा वेल्डिंगला न्यावं लागेल.

चकती ज्यावर बसते ती पाठीची प्लेट अॅल्युमिनियमची, १९५ मिमी व्यासाची, १२ मिमी जाड घ्या. खालून ४० मिमी व्यासाचा, २० मिमी लांब बॉस (शाफ्टवर बसणारा गळा) ठेवा, तो शाफ्टवर घट्ट बसवून दोन एम-६ ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) मारा. प्लेटच्या वर येणारं शाफ्टचं टोक १२.७ मिमी (अर्धा इंच) टर्न करून घ्या, कारण बाजारातल्या ८ इंची चकत्यांचं भोक बहुधा तेवढंच असतं. त्या टोकाला एम-१२ चे आटे, वर मोठा वॉशर आणि नट. टर्नरला स्पष्ट सांगा की प्लेट शाफ्टवर बसवून, स्क्रू आवळून, मगच तिचा वरचा फेस मारायचा, म्हणजे तोंड लेथवर सपाट करायचं. प्लेट वेगळी फेस करून नंतर शाफ्टवर चढवली तर ती हमखास डगमगते. मशीनवर चढवल्यावर प्लेटच्या कडेजवळ एक खिळा स्थिर धरा आणि हाताने फिरवून पाहा. कडेला ०.२ मिमीपेक्षा जास्त वरखाली होत असेल तर परत पाठवा. डगमगणारी चकती दगडावर थापट्या मारते, आणि बारीक ग्रिटवर (ग्रिट म्हणजे घासणाऱ्या कणांचं माप, आकडा मोठा तितका कण बारीक) जे ओरखडे जाता जात नाहीत ते बहुधा त्यातूनच येतात.

हे काम वागळे इस्टेटमधला कुठलाही टर्नर करून देईल, नवी मुंबईत रबाळे-महापे पट्ट्यातलाही. बेअरिंग, पुली आणि पट्टा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतात. काटकसर करायचीच तर स्टँडमध्ये करा, बेअरिंग आणि चकतीमध्ये नको.

टब, नळकांडं आणि उलटी वाटी

स्टँड ४० मिमी अँगलचा, टॉप साधारण ४५० × ७५० मिमी, त्यावर १८ मिमी मरीन प्लाय. आयएस ७१० शिक्का पाहून घ्या. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात फुगतो. टब म्हणून बांधकामावरचं प्लॅस्टिकचं घमेलं किंवा सपाट तळाचा ४० सेमी रुंद, १३ सेमी खोल टब चालतो. चकती टबाच्या काठापेक्षा ३० मिमी खाली राहिली पाहिजे, म्हणजे तळापासून १०० मिमीवर.

टबाच्या मध्यातून शाफ्ट वर येतो, तेव्हा तिथे भोक आलंच. त्या भोकाभोवती पाइपचा तुकडा एम-सीलने चिकटवण्याचा मोह होतो. टब पॉलिथिनचा असेल तर त्याला एम-सील धरत नाही, सॉल्व्हेंटही नाही. चार दिवसांत पापुद्रा सुटतो आणि पाणी सरळ वरच्या बेअरिंगवर पडायला लागतं. त्यापेक्षा प्लंबिंगच्या दुकानातून दीड इंची टँक निपल (टाकीला पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) आणा. तो टब आणि प्लाय दोन्हींतून आरपार घालून दोन्हीकडे रबर वॉशर लावून आवळा. वर उरलेला आट्याचा भाग हेच तुमचं नळकांडं. त्याचं तोंड टबाच्या तळापासून ६० मिमीवर यावं. कमी पडलं तर कपलर लावून वाढवा.

आता वाटी. घरातली स्टीलची वाटी, तोंड ८० मिमीच्या वर, खोली ४० मिमीच्या आसपास. तिच्या बुडाला ४० मिमीचं भोक पाडून घ्या आणि ती पालथी करून पाठीच्या प्लेटखाली बॉसवर चढवा, फट सिलिकॉनने बंद करा. वाटीची कड नळकांड्याच्या तोंडापेक्षा साधारण १२–१५ मिमी खाली येते. काय होतं ते समजून घ्या. चकतीवरचं बरंचसं पाणी बाहेर फेकलं जातं, पण थोडं कडेवरून वळून प्लेटच्या खालच्या अंगाला चिकटून मध्याकडे सरकतं, विशेषतः यंत्र बंद करताना वेग उतरतो तेव्हा. वाटी नसेल तर हेच पाणी शाफ्टवरून उतरत उतरत बेअरिंगच्या सीलपाशी जातं. त्यात दगडाचं पीठ असतं, म्हणजे बेअरिंगला पॉलिश पेस्टच लागली. वाटी असली की पाणी तिच्या कडेवरून टबात गळतं. ते वर चढून नळकांड्यात शिरू शकत नाही. ग्रब स्क्रू वाटीच्या आत जातात, म्हणून क्रम पाळा: प्लेट शाफ्टवर आवळा, वाटी चढवा, आणि मग अख्खा शाफ्ट वरून नळकांड्यातून खाली सोडून बेअरिंगमध्ये बसवा. पुली सगळ्यात शेवटी.

निचऱ्याला टबाच्या कडेला तळाशी १ इंची टँक निपल लावा. अर्धा इंची गाळाने तुंबते. टबाखाली समोरच्या बाजूला ५ मिमीची पट्टी घालून तो निचऱ्याकडे किंचित कलता करा.

पाणी वरून सोडायला पंप नको. टबापेक्षा ६० सेमी उंचावर १० लिटरची बादली, तिला आरओ फिल्टरचा पाव इंची पाइप आणि छोटा व्हॉल्व्ह पुरतो. मिनिटाला साधारण अर्धी वाटी, म्हणजे ६० ते ७५ मिली पाणी सोडा. बादली सव्वादोन ते पावणेतीन तास चालते. पाइपच्या टोकाला स्पंजचा तुकडा बांधून तो मध्याजवळ चकतीला हलका टेकवा, पाणी आपोआप पसरतं. गाळ पांढऱ्या पेस्टसारखा घट्ट होऊ लागला किंवा दगडाच्या कडेला सुकी पांढरी रेघ दिसली की पाणी कमी पडतंय. टबातलं पाणी पंपाने पुन्हा चकतीवर आणू नका. ८० ग्रिटचा एक कण १२०० च्या चकतीवर आला की तासाभराचं काम वाया जातं.

वीज

पाणी आणि २३० व्होल्ट एका टेबलावर आहेत, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) हवाच. घराच्या डीबीत (एमसीबीच्या पेटीत) नसेल तर या सॉकेटच्या आधी वेगळा बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टी (टेस्ट) बटण दाबून तो पडतो का पाहा. मोटरची बॉडी आणि स्टँड दोन्हींना अर्थिंग, सॉकेट १६ अँपिअरचं, केबल तीन कोरची १.५ चौ. मिमी. केबल सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाशी गळून पडेल. स्विच नो-व्होल्ट प्रकारचा घ्या. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपणहून फिरू नये.

चकती वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरली पाहिजे. मग उजव्या बाजूला चकती तुमच्यापासून दूर जाते, दगड निसटला तर तो तुमच्याकडे येत नाही, आणि वरचा साध्या आट्याचा नट घासताना सैल होण्याऐवजी आवळला जातो. दिशा उलटी निघाली तर इलेक्ट्रिशियनकडून मोटरच्या स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल करून घ्या.

घासताना

निकेल प्लेटिंगच्या डायमंड चकत्या घ्या: ८०, १८०, ३२०, ६००, १२०० आणि ३०००. नवी चकती पहिली पंधरा मिनिटं टाकाऊ अकिकावर हलक्या हाताने चालवा. वर आलेले कण झडतात आणि मग ती एकसारखी चालते. अणकुचीदार टोक कधीच चकतीवर रोवू नका, प्लेटिंग सोलून निघतं. मध्यावरही घासू नका. तिथे वेग जवळजवळ शून्य असतो, दगड ओढला जातो आणि कापला जात नाही. बाहेरच्या दोन-तृतीयांश भागात दगड सतत फिरता ठेवा.

दगडाच्या पाठीवर आधी आकार आखा. तयार कोंदणं २५ × १८ किंवा ३० × २२ मिमी लंबवर्तुळाची सहज मिळतात, म्हणून त्या मापात करा. आखायला अॅल्युमिनियमची तार वापरा, तिची रेघ पाण्यात पुसली जात नाही. मग दगड लाखेने दांडीला चिकटवा. दांडी दगडापेक्षा थोडी अरुंद हवी. दगड तव्यावर हळूहळू तापवा, हाताला जेमतेम सोसेल इतका, मग लाख लावा. गार दगडावर लाख नुसती टेकते आणि ८० च्या चकतीवर दगड उडतो. उलट दगड थेट ज्योतीवर धरला तर अकीक तडकतो.

८० वर बाहेरची कड आणि घुमटाचा ढोबळ आकार, १८० वर कंगोरे मोडायचे. आडव्या चकतीवर घुमट गोल न येता पैलू पडतात, ही या यंत्राची खरी मर्यादा. म्हणून ३२० पर्यंत चकत्या वापरा आणि पुढे एका जुन्या चकतीवर ५ मिमी मऊ रबर चिकटवून त्यावर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) लावा: ४००, ६००, १०००. रबर दबतं, कागद घुमटाला कवेत घेतो आणि पैलू विरघळतात. सपाट तुकड्यांना मात्र चकत्याच शेवटपर्यंत.

ग्रिट बदलण्याआधी दगड पुसून पूर्ण कोरडा करा आणि ट्यूबलाइटखाली तिरका फिरवा. ओला दगड नेहमीच पॉलिश झाल्यासारखा दिसतो, पाणी ओरखडे भरून टाकतं. कोरड्यावर उजेडाची रेघ ओरखड्याशी तुटते. प्रत्येक ग्रिटला आधीच्यापेक्षा आडव्या दिशेने घासा, म्हणजे उरलेला जुना ओरखडा वेगळ्या दिशेने उठून दिसेल. १००० वर पोचल्यावर एक खोल ओरखडा सापडला तर ३२० वर परत जा. १००० वर तो काढत बसलात तर भोवतालचा भाग खचतो आणि ओरखडा तिथेच राहतो. शेवटी फेल्टवर (नमद्यावर) सेरियम ऑक्साइड या पॉलिश पावडरची दाटसर पेस्ट, वेग कमी, फेल्ट ओलसर. दगड किंचित ओढ घ्यायला लागला की चमक येते. अकिकाला हेच चांगलं.

झिओलाइट मात्र यंत्रापासून दूर ठेवा. अकीक कडकपणाच्या मोहस मापावर ६.५ ते ७, स्टिल्बाइट ३.५ ते ४. त्यांच्याबरोबर सापडणारं अपोफिलाइट ४.५ ते ५ आणि ते सपाट पाकळ्यांत फुटतं. घासून त्यांची फक्त नासाडी होते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ठेवलेत तसे ते स्फटिक म्हणूनच ठेवा. येऊरच्या बाजूने फिरताना दगड उचलू नका, तो भाग राष्ट्रीय उद्यानाचा आहे. खाणीत जायचं तर परवानगी घेऊनच.

पाणी असलं तरी एन-९५ मास्क, चष्मा आणि रेक्झिनचा एप्रन घाला, कारण उडणाऱ्या तुषारांतही सिलिका असते. हातमोजे नकोत, चकतीत खेचले जातात. बांगड्या, ओढणी, मोकळे केसही नकोत. स्टँडच्या पायांखाली जाड रबर घाला, खालच्या घराला आवाजापेक्षा हादरा जास्त त्रास देतो. काम दुपारची झोपेची वेळ टाळून करा आणि रात्री अजिबात नाही. काम संपल्यावर चकत्या धुऊन, पुसून, मशीन ऑइलचा हात फिरवून उभ्या ठेवा. ठाण्याच्या पावसाळी हवेत मधल्या भोकाची कड दोन दिवसांत गंजते.

गाळ

हा गाळ न्हाणीत सोडू नका. नहाणी ट्रॅपमध्ये तो तळाला बसतो आणि दगडासारखा घट्ट होतो. पुढे तोच स्टॅकच्या (इमारतीच्या सांडपाण्याच्या सामायिक नळाच्या) आडव्या पाइपमध्ये अडकतो आणि तक्रार पहिल्या मजल्यावरून येते. निचऱ्याची नळी २० लिटरच्या रंगाच्या बादलीत सोडा, बादलीला दोन-तृतीयांश उंचीवर भोक पाडून नळीने दुसरी बादली जोडा. जड गाळ पहिल्या बादलीत बसतो. दुसऱ्यातलं पाणी मात्र रात्रभर ठेवूनही दुधाळ राहतं, कारण ते कण फार बारीक असतात. त्यात तुरटीचा खडा पाच-सहा वेळा फिरवा. अर्ध्या तासात कण गुठळ्या होऊन खाली बसू लागतात, सकाळपर्यंत वरचं पाणी निवळतं. ते पाणी ओतून द्या. तळाचा गाळ सुकू देऊ नका. ओला असतानाच दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून तोंड बांधा आणि कचऱ्यात द्या. टेबल, भिंत, फरशी ओल्या फडक्यानेच पुसा, झाडू लावू नका. भिंतीवर सुकलेला शिंतोडा झाडला की जी धूळ तीन तास पाण्यात अडकवून ठेवली, तीच खोलीभर होते. एप्रन बाल्कनीत झटकू नका, सरळ बादलीत बुडवून धुवा.